प्रवासाला काय विणायचं

बायको : नाही म्हणजे नाही. मोजे न्यायचे नाहीत. चार सुया, त्यात बस, त्यात वळणं. एक सुई निसटली की बसलात सीटखाली शोधत.

फिटर : शोधीन की. तीन दिवसांच्या सहलीत दुसरं काम काय आहे मला?

बायको : शोधाल हो, पण आधी चिडाल. आणि चिडलात की तुमचा हात कुठे जातो? शर्टाच्या खिशाकडे.

फिटर : खिसा रिकामा असतो आता.

बायको : तुमचा. वेल्डरभावजींचा भरलेला असतो. आणि त्यांच्याच शेजारी बसणार आहात तुम्ही.

फिटर : तो एकटा थोडाच आहे? अख्खा कारखाना येणार आहे. सगळे रिटायर झालेले.

बायको : म्हणजे सगळेच खिसे भरलेले. छान!

फिटर : अगं, पाच महिने झाले. एक सिगारेट ओढली नाही. जरा विश्वास ठेव माणसावर.

बायको : विश्वास आहे म्हणून तर विणकाम निवडतेय. नसता तर चपला लपवल्या असत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघांनी ऐकलंय. आता एकसुद्धा परवडणार नाही. त्या दिवशी धाप लागून जिन्यात बसलात, तेव्हा शेजारच्यांना हाक मारायला माझ्या तोंडून आवाज फुटेना. ते मला पुन्हा बघायचं नाही.

फिटर : बरं, बरं. मग मफलर नेतो. सरळ जायचं, सरळ यायचं.

बायको : मफलर तर मुळीच नको. हात आपोआप चालतो आणि डोकं मोकाट सुटतं. परवा मफलरच विणत होतात ना? विणता विणता उठलात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात.

फिटर : ... बघितलंस तू?

बायको : खिडकीतून. किती वेळ नुसते उभे होतात त्या दुकानासमोर! माझा जीव टांगणीला. म्हटलं, आता हाक मारावी का? पण नाही मारली. मग वळलात. हातात बिस्किटाचा पुडा.

फिटर : बिस्किटं नको होती मला.

बायको : ठाऊक आहे. म्हणून तर दोन कप चहा केला. तुम्हाला वाटलं, बायकोला आज काय झालंय.

फिटर : वाटलंच.

बायको : अहो, चाळीस वर्षांची सवय सोडणं म्हणजे काय खायचं काम आहे? माझे वडील तपकीर सोडतो सोडतो म्हणत गेले. मी तुमच्यासमोर बोलत नाही, पण बहिणीला फोनवर रोज सांगते. ती म्हणते, पुरे झालं गं तुझं नवरापुराण.

फिटर : रोज सांगतेस? आणि मला मात्र रोज म्हणतेस, टाके घट्ट येतात, टाके घट्ट येतात.

बायको : येतातच! पहिलं जे विणलंत ते पायपुसणं झालंय. त्यावरून रोडरोलर गेला तरी काही होणार नाही त्याला. नातवाची टोपी त्याच्या डोक्यात जाईना, शेवटी किटलीला घातली.

फिटर : चहा गरम राहतो की नाही?

बायको : राहतो ना! वाफसुद्धा बाहेर पडत नाही.

फिटर : जन्मभर नट आवळले. ढिला राहिला तर मशीन माणसाचा हात नेतं. तोच हात आहे हा, त्याला कोण समजावणार?

बायको : मी समजावते. पण आधी ठरवा तरी, न्यायचं काय.

फिटर : ठरवलंय. ती पिशवी उघड. खालची.

बायको : अगंबाई! एवढी लोकर? आणि हा जांभळा? कोणासाठी? सुनेला जांभळा आवडत नाही हो.

फिटर : सुनेला नाही.

बायको : मग?

फिटर : पोरांना विणलंस, नातवंडांना विणलंस, जावयाला विणलंस. माझ्या साहेबालासुद्धा विणलास, बिनबाह्यांचा, तो माणूस तो घालून रिटायर झाला. तुझ्या अंगावरचा स्वेटर मात्र दुकानातला, आणि त्याची कोपरं गेलीत.

बायको : ... या वयात जांभळा?

फिटर : वयाचा काय संबंध? लग्नात तुझी जांभळी साडी होती.

बायको : मोरपंखी होती.

फिटर : असेल. माझ्या डोळ्यांना जांभळी दिसली. आणि मधोमध वेणी घालायची आहे, तू नातीच्या स्वेटरला घातली होतीस तशी. ती विणताना मोजत बसावं लागतं. तोंड मोजण्यात गुंतलं की त्यात दुसरं काही धरता येत नाही.

बायको : अहो, हे मला कसं सुचलं नाही! सोपं नाही म्हणून डोकं भटकणार नाही, दोनच सुया म्हणून चिडचिड नाही. जेवण झालं की तुम्हाला फार त्रास होतो ना? मग वेणीची पिळाची ओळ नेमकी जेवणानंतर घ्यायची. आणि माप? माप कधी घेतलंत माझं?

फिटर : तू झोपली होतीस तेव्हा. खांद्याला आणि मनगटाला कारखान्यातला मापाचा व्हर्नियर लावला.

बायको : व्हर्नियर! मी काय शाफ्ट आहे?

फिटर : अगदी बारीक फरकसुद्धा कळतो त्यात.

बायको : धन्य आहे बाई. आणा त्या सुया. सुरुवात घरात करायची, बसमध्ये नाही. आणि टाके घालताना दोन्ही सुया एकत्र धरा. असं. मग एक काढून घ्यायची, म्हणजे टाके आपोआप सैल. एक सांगते, तल्लफ आली की तुमची वीण आवळते. मला नुसत्या नजरेनं कळतं. तेव्हा आधी श्वास सोडा, मग टाका घ्या. घट्ट ओळ दिसली तर मी उसवून टाकीन, सांगून ठेवते. मला अंगात घालायचाय तो, किटलीला नाही.

(दारावर थाप.)

वेल्डर : फिटर! अरे ए फिटर! बस चौकात येईलच एवढ्यात. चल, तोवर बाहेर एक-एक ओढू. वहिनी, नमस्कार. ... हे काय चाललंय?

फिटर : स्वेटर चाललाय. चार सुलट, दोन उलट, ...

वेल्डर : आणि हे बसमध्ये पण? अरे, टर्नर हसून हसून मरेल!

फिटर : मरू दे. त्याच्या पोराला काळजी. दोन उलट, ...

वेल्डर : बरं, ते ठेव खाली. तुझाच ब्रँड आणलाय मी, मुद्दाम. घे. एकीने काय होतंय? धर रे. वहिनी काही म्हणणार नाहीत. हो ना वहिनी?

बायको : मी काय म्हणणार? त्यांचं ते बघतील.

वेल्डर : बघ! परवानगी मिळाली. घे. ... अरे, घेतोस का नाही? बोल की.

फिटर : ओढावीशी वाटतेय रे. फार वाटतेय. तुझ्या शर्टाचा नुसता वास आला तरी घसा कोरडा पडलाय.

वेल्डर : मग अडलंय कुठे?

फिटर : ओळ अर्धी आहे.

वेल्डर : संपव ना मग. थांबतो मी.

फिटर : तू हो पुढे. खिडकीची जागा धर मला, उजेड लागेल. आणि पाकीट आत ठेव, गड्या. तू माझा दोस्त आहेस, तुला रोज नाही म्हणायची ताकद नाही माझ्यात.

वेल्डर : ... ठेवलं. खिडकी धरतो. लवकर ये.

बायको : गेले.

फिटर : चार सुलट. दोन उलट. झाली ओळ. बघ, कशी आलीय.

बायको : केवढी घट्ट! सुईसुद्धा जायची नाही यातून.

फिटर : उसवू?

बायको : नको. ही राहू द्या.