मुंडावळ्यांचा मोगरा

रहिमतुल्ला : ‘उठा वं लेकीबाळी, आली फुलांची पाटी, जाई देवाच्यासाठी, मोगरा वेणीसाठी.’ शुक्रवार पेठेत शिरली की माझी आई असं म्हणायची. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं. मदिनाबीचा आवाज आला की एकेक कडी निघायची. आज सकाळधरनं त्योच आवाज कानात हाय बघ.

सबा : अब्बा, आजीचं नंतर सांगा. मी काय विचारलं तुम्हाला?

रहिमतुल्ला : ऐकलं की.

सबा : मग सांगा ना. हृषीकेशदादांना फोनवर काय म्हणालात?

रहिमतुल्ला : काय म्हणनार. त्यो तापलेला. पोरीचा साखरपुडा, आन् हार म्हणू नका, गजरे म्हणू नका, सगळ्याला फिनेलचा वास. मी म्हणलं, चूक झाली, पोटात घाला.

सबा : कुणाची चूक म्हणालात?

रहिमतुल्ला : दमलोय गं. बोटं बघ, सुई धरवंना झालीया.

सबा : ‘पोरगी नवी हाय, तिच्याकडनं झालं.’ असं म्हणालात. दादांनी मला शब्दाला शब्द ऐकवलं. वर म्हणाले, सबा, अजून वर्षभर अब्बांच्या हाताखाली शीक, मग ऑर्डरी घे.

रहिमतुल्ला : रागात बोलला आसंल. मनावर घ्यायचं न्हाय.

सबा : दुकान तुमचं, अब्बा. पण ही ऑर्डर माझी होती. दादांच्या श्रावणीनं तुम्हाला नाही, मला फोन केला. आजचे हार, उद्याच्या लग्नाच्या मुंडावळ्या, बायकांचे चाळीस गजरे. माझ्या नावावरचं पहिलं काम. लग्न मोडून घरी आले तेव्हा पेठेत काय काय बोललं गेलं, तुम्ही ऐकलंय. आता त्यात हे. पोरीच्या हाताला गुण नाही म्हणतील.

रहिमतुल्ला : पण फिनेलची बादली फुलाशेजारी कोन ठेवतं?

सबा : मी ठेवली. काल ओटा पुसून उरलेलं पाणी होतं. ती चूक माझी, कबूल. पण पहाटे मी फूलबाजारात होते. हार झाकायचं फडकं त्या बादलीत बुचकळलं कुणी?

रहिमतुल्ला : घाई हुती. गाडी यायची हुती त्येंची.

सबा : मी परत आले तर समोरचा पानवाला विचारतोय, काय सबा, आज दुकानाला आंघोळ घातली काय? रस्त्यापलीकडं त्याला वास गेला. तुम्ही बादलीवर वाकून फडकं पिळलंत. तुम्हाला कसा नाही आला?

रहिमतुल्ला : सांगितलं न्हवं, घाई हुती.

सबा : बरं. घाई होती.

(श्रावणीची आजी प्रभाबाई, हातात सकाळच्या हारांची पिशवी, दुकानाची पायरी चढतात.)

प्रभाबाई : सबा, पाणी दे गं. आणि ते स्टूल सरकव. सकाळपासून बूड टेकलेलं नाही.

रहिमतुल्ला : बाई, तुमी कशाला आलासा उन्हाचं? मी आलो असतो की.

प्रभाबाई : आला असता तर बरं झालं असतं. तुम्ही आला नाहीत, म्हणून मी आले. हे घ्या तुमचे हार. देवाला चालायचे नाहीत, निर्माल्यात टाकवत नाहीत, गाय तोंड लावायची नाही. म्हटलं, ज्याचे त्याला द्यावेत.

सबा : बाई, लई वाईट वाटतंय मला.

प्रभाबाई : मला काय कमी वाटतंय? कुर्डुवाडीची माणसं, रेल्वेतली, तशी साधी. पण मुलाची आत्या दवाखान्यात नर्स होती. गजरा हातात घेतला आणि म्हणाली, अगंबाई, मला तर ड्यूटीवर आल्यासारखं वाटायला लागलं. सगळा हॉल हसला. व्याहीसुद्धा हसले. श्रावणी तेवढी हसली नाही. तिनं हळूच गजरा काढला आणि पर्समध्ये ठेवला, कुणाला टाकलेला दिसू नये म्हणून.

सबा : तिनं मला मेसेज केला, ‘काळजी करू नको’ म्हणून. त्यानं अजूनच कसंतरी झालं.

प्रभाबाई : हृषीकेशनं ठरवलंय. उद्याचं सगळं नव्या पेठेतल्या डेकोरेटरकडं द्यायचं. कापडी फुलं, मण्यांचे हार, मोत्यांच्या मुंडावळ्या. वास नाही, सुकायची भीती नाही. सगळं भाड्यानं, काम झालं की पेटी परत. तो फोनच करणार होता तुम्हाला. मी म्हटलं, इतक्या वर्षांचं माणूस आहे, असं फोनवर तोडू नये, मी जाऊन सांगते.

रहिमतुल्ला : बरुबर हाय त्येचं. खऱ्या फुलाचं काय हाय, बाई? पहाटं आणायची, दुपारी मान टाकत्यात, सांजच्याला झाडूत जात्यात. पन्नास वर्सं मी कचराच ओवला म्हणा की.

प्रभाबाई : असं बोलायचं नाही. माझ्या दाराच्या खिळ्याला तेवढीच वर्षं तुमची फुलांची पुडी लागतेय. हृषीकेशच्या बारशाला पाळणा तुम्ही गुंफलात. शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचा हार तुमचा. मुलींची गॅदरिंगं, माझ्या निवृत्तीचा गुच्छ, सगळं तुमचं. सासूबाईंना नेलं त्या दिवशी कुणी सांगायच्या आधी तुम्ही पाटी घेऊन दारात उभे होतात. काही न बोलता खाली ठेवलीत आणि गेलात. बोलायला आलेल्या माणसांपेक्षा त्या पाटीनं मला धीर आला होता. कचऱ्यानं धीर येतो का माणसाला?

रहिमतुल्ला : तवा मी येगळा हुतो.

प्रभाबाई : आणि ह्यांचं तर तुम्हाला माहीतच नाही. साखरेनं डोळे गेले, मग दिवस काय आणि रात्र काय. कॅलेंडर भिंतीवर, त्याचा उपयोग मला. मी खिळ्यावरची पुडी सोडायची आणि त्यांच्या ओंजळीत ठेवायची. हुंगायचे आणि वार सांगायचे. बेल म्हणजे सोमवार. शेवंती म्हणजे गुरुवार. जास्वंदीला वास नाही, तर म्हणायचे, काहीच सांगत नाही बुवा हे फूल, मंगळवार असणार. शुक्रवारी मोगरा. शुक्रवारी ओंजळ लवकर परत मिळायची नाही. देव बिचारे वाट बघत बसायचे. सारखाच काळोख होता तो सगळा, रहिमतुल्लाभाई. तुमच्या पुडीनं त्याला सात वार पाडले होते.

सबा : कमलाकरकाका असं करायचे, हे कधी बोलला नाहीत, बाई.

प्रभाबाई : काय बोलायचं? घरातली गोष्ट. पण पुढं पुढं ते चुकायला लागले. ओंजळीत मोगरा, आणि म्हणायचे, हे आंबलंय, हा मोगरा नव्हे. मी बघायची तर फूल पांढरंशुभ्र. वरून पाणी मारलेलं, छान दिसणारं. मला वाटायचं, डोळ्यांमागून आता नाकही चाललं ह्यांचं. वाद घालायची मी. एक दिवस शांतपणे म्हणाले, प्रभा, माझं नाक ठीक आहे. रहिमतुल्लाकडं काहीतरी बिघडलंय. असलं फूल तो जाणून देणार नाही. एकदा जाऊन विचार त्याला, बरा आहेस का म्हणून.

रहिमतुल्ला : मास्तर असं म्हणाले?

प्रभाबाई : असंच म्हणाले. आणि मी आले नाही. आज जाते, उद्या जाते. मागच्या भाद्रपदात ते गेले. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

सबा : हे कधीचं, बाई?

प्रभाबाई : झाली की दोन-अडीच वर्षं. का गं?

सबा : काही नाही. मी दुकानात बसायला लागून सहाच महिने झालेत.

रहिमतुल्ला : सबा.

सबा : मी काही बोलत नाही, अब्बा.

प्रभाबाई : अगं, बोल की. मी तुझी शिक्षिका आहे, विहीण नाही. तुझ्याकडून झालं असेल तर तसं सांग. चुकलेल्या मुलींना मी कधी वर्गाबाहेर काढलं नाही. हृषीकेशला समजावून बघते. पण झालं काय, ते तरी मला कळू दे.

सबा : बादली मी तिथं ठेवली. माझं एवढंच आहे, बाई. पुढचं माझं नाही, म्हणून मी सांगणार नाही.

प्रभाबाई : दोघंही असे बसलात, जसे काही मीच चोरी केलीय. बरं, जाऊ दे. माझ्यातही आता त्राण नाही. हृषीकेशला हो म्हणून कळवते. सबा, तू वाईट वाटून घेऊ नको. अजून लग्नं येतील. फक्त तो म्हणतो तसं थोडं शीक आधी, आणि मग...

रहिमतुल्ला : बाई, बसा. उठू नगा.

प्रभाबाई : अहो, घरी पाहुणे आहेत. केळवण आहे संध्याकाळी.

रहिमतुल्ला : पाच मिन्टं बसा. पोरीला शिकायचं काय राहिलं न्हाय. पहाटं फूलबाजारात ती डोळं झाकून मोगऱ्याची पोती सांगती, कुठली आजची, कुठली कालची. माझ्या आईनं मला तसं शिकवलं हुतं. ते माझ्यात हुतं तवर हुतं.

सबा : अब्बा, नको असेल तर राहू द्या.

रहिमतुल्ला : राहू दे राहू दे म्हणून तुझ्यावर आलं की गं. फडकं मी बुचकळलं, बाई. त्याच बादलीत. तिचं नाव मी घेतलं, कारण ती लहान हाय, तिची चूक लोक इसरतील वाटलं. माझी कोन इसरनार न्हाय. फुलाच्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस, त्यानं तोंडानं कसं सांगावं?

प्रभाबाई : काय सांगावं, रहिमतुल्लाभाई?

रहिमतुल्ला : करोनाच्या दुसऱ्या लाटंत मी धा दिवस पडून हुतो. उठलो, कामाला लागलो. डॉक्टर म्हणला, येईल हळूहळू. मी वाट बघितली. गिऱ्हाईक आलं की गजरा नाकाला लावायचा, ‘वा’ म्हणायचं, बांधून द्यायचा. बायकूला कळू दिलं न्हाय. मास्तरांच्या पुडीत काय जात हुतं, ते मला ठावं नव्हतं, बाई. आज तुमच्या तोंडनं कळलं. हृषीकेशला तुमी सांगा, न्हायतर फोन लावून द्या, मी सांगतो. आन् उद्याच्या मुंडावळ्यांचा मोगरा सबाच्या हातनं निवडू द्या. मला चार वर्सं झाली, कशाचाच वास येत न्हाय.