अनलेस आणि दाढ

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक नवराबायको परप्रांतीय सुनेशी बोलता यावं म्हणून इंग्रजी घोकत होते. काका मास्तर, सुजल्या गालावर रुमाल. काकू विद्यार्थिनी.

“चहा की कॉफी? ‘प्रेफर’ वापरून सांग.”

“आय प्रेफर कॉफी टू टी.”

“वाक्य बरोबर, पण खोटं. तू जन्मभर चहाच पितेस.”

“तुम्ही पिता. दोन दोन भांडी कोण चढवणार, म्हणून मीही ढोसते.”

“बरं. आता ‘अनलेस’.”

“आय विल नॉट गो टू युअर सिस्टर्स हाउस अनलेस शी से सॉरी.”

“‘से’ नाही, ‘सेज’. आणि ताईबद्दल हे आधी कधी बोलली नाहीस?”

“मराठीत ढीगभर वेळा बोलले. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. इंग्रजीत निदान चुका काढायला तरी शेवटपर्यंत ऐकता.”

तेवढ्यात नर्सनं काकांना हाक मारली.

“अगं, आत येशील ना? दाढ उपटणार आहेत.”

“येईन. प्रोव्हायडेड यू मेक द कॉफी.”

“म्हणजे?”

“घरी गेल्यावर कॉफी तुम्ही करणार असाल, तरच.”

“करतो, बाई. साखर किती?”

“चला आत. तुमचं तोंड डॉक्टरांच्या ताब्यात गेलं की सगळं सांगते. मराठीत.”