चाचणीचं नाव

त्या वर्षी कापसाच्या जिनिंग कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता. खामगावच्या स्टँडवर पिंपळगाव राजाच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. मागे एक म्हातारेबुवा जिनिंगच्या कॉम्प्युटरवाल्याशी बोलत होते.

"थे मशीन कामगारायची हजेरी लावते म्हनतात?"

"अजून नाही, बाबा. चाचणी करून राह्यलो. नाव घेनारा भाग एकटा बरोबर चालते. यादी छापनारा भाग एकटा बरोबर चालते. दोन्ही जोडले का एकच नाव दोनदा छापते."

"कोनाचं नाव?"

"चाचणीले कोनतंबी चालते. म्या आमच्या घरचीचं टाकलं. कोकिळा."

"तिले दाखोलं का मंग?"

"दोन वर्सं झाले तिले जाऊन."

"अरेरे. घरी कोन हाय?"

"कोनी नाही. बटन दाबलं का कागदावर येते, कोकिळा हजर, कोकिळा हजर."

"अन् चूक?"

"साहेब रोज इचारते. चूक मांगच्या सोमवारीच सापडली."

"मंग दुरुस्त काऊन नाही केली?"

"दुरुस्त झाली का चाचणीचं नाव पुसा लागते, बाबा."

"गाडी लागली, चला."

"हाव."

"अन् आइका," म्हातारेबुवा म्हणाले. "साहेबाले सांगा, अजून सापडली नाही म्हना."