राखेनं अडवलेलं लगन

...अन् थांबायचं कायले, मी म्हनतो! आभाळ निळंशार, मांडव उभा, माह्या पोरीच्या, भावनाच्या हातावर मेंदी रंगलेली... अन् नवरदेव लंडनच्या विमानतळावर आपल्याच पेटीवर बसून! काहून? तं आइसलँड म्हनून देश हाय, तेथं ज्वालामुखी फुटला, राख वर गेली, अन् ते इंजिनात वितळून काच होते म्हने, म्हनून सारी विमानं बंद! तुमाले सांगतो, राखच तं हाय!

आता आमी बौद्ध मानसं, मुहूर्त पाहात नाई. सुट्टी असते म्हनून मी सोता पत्रिकेवर रविवार टाकला. साऱ्या वरठी गावात छाती काढून सांगत होतो, आमचं लगन पंचांगावर नाई चालत! अन् आता? सकाळ-संध्याकाळ टीव्हीपुढं बसून राहिलो, तिकडचे साहेब विमानाचा मुहूर्त केव्हा काढते म्हनून! रविवार गेला. शेजारच्या शकुनबाई मान हलवून म्हनते, "भाऊ, पाहून घेतलं असतं तं बरं झालं असतं..."

मंग राइस मिलवाले श्यामराव आले. "तेजरामभाऊ, धान वाळलं का नाई, आपन कसं पाहतो? दाना दाताखाली धरला, कट वाजला, का टाका मिलमंधी! यायनं बी एक विमान उडवून पाहावं ना!" बराबर हाय! राखच तं हाय!

अन् तुमाले सांगतो, त्यायनं तसंच केलं! रिकामी विमानं उडवली, इंजिनं खोलून पाह्यली, इंजिनवाल्याइले इचारलं, "किती राख चालते?" ते म्हने, "थोडीशी चालते." झालं! काल कनभर चालत नव्हती, आज थोडीशी चालते! राख तीच, आभाळ तेच, इंजिन तेच! मी लगेच मांडवाचं लायटिंग चालू करवलं.

तेवढ्यात प्रफुल्लचा, आमच्या नवरदेवाचा फोन. "मामाजी, पहिल्याच विमानात जागा भेटून राहिली. बसू का?"

बसू का... मले इचारते! सहा दिवस साऱ्या जगाले भित्रट म्हनलं मी, पन 'बसा' म्हनाले तोंड उघडंना. थोडीशी म्हंजे किती हो? माही एकुलती एक पोरगी हाय! म्हनलं, "जावईबापू... आधी दुसरे लोक जाऊन पाहू द्या."

ते विमान? उतरलं ना, सुखरूप. त्याच्या मागचं बी उतरलं. आता प्रफुल्लले जागाच भेटंना, रांग हे एवढी! अन् भावना पान्याचा गिलास आदळून ठेवते अन् म्हनते, "बाबा, लंडनचं आभाळ उघडलं. तुमचं केव्हा उघडन?"