साकवावरून काय जातं?

टाळ थांबवा जरा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. आज आधी प्रश्न!

मंडळी, ऐका. माणसाचं अडतं ते कशामुळे? जवळ काही नसतं म्हणून? की असतं तेच दिसत नाही म्हणून? लगेच माना हलवू नका. मान हलवायला डोकं लागत नाही, नुसती मान पुरते. मघाशी मी आलो, तर तुमचे कार्याध्यक्ष म्हणाले, "बुवा, गर्दी फार, बसायला जागाच नाही." बरं म्हटलं. त्यावर मी येणार आहे.

कोकणातलं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणणार, त्यांच्याकडची माणसंच तशी – आणि सुटलात! गावाला ओढा. ओढ्यावर साकव, म्हणजे लाकडाचा अरुंद पूल; दोन्ही बाजूंना कठडा, एकामागे एक माणूस जाईल एवढीच वाट. श्रावणातली दुपार, ओढा दुथडी भरलेला. आणि अनसूया नावाची एक सून अडली. पहिलटकरीण पोर. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं राहिलं नाही. दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही जातील." जीप ओढ्यापलीकडे उभी. म्हणजे प्रश्न एवढाच, की पोरीला साकव ओलांडून न्यायचं कसं?

गाव जमलं देवळात. गावचे मानकरी तात्या तावडे ऐसपैस टेकून बसले आणि विचार सुरू झाला. विचार म्हणजे काय, तर एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी "तेही खरं" म्हणायचं. बाजेवर न्यायचं ठरलं. बाज आणली, कठड्यात अडकली, परत आणली. खुर्ची? तिला बसवत नाही. पाठुंगळी? साकव बुळबुळीत, ती कळांनी पिळवटलेली, हात सुटला की थेट ओढ्यात. तावडे म्हणाले, "डोली पाहिजे. पूर्वी होत्या गावात." सगळे म्हणाले, तेही खरं. मग डोल्या मोडल्या कोणी, यावर वाद पेटला. तिकडे पोर किंचाळतेय, आणि हे इकडे डोलीचा इतिहास उगाळतायत. लाज वाटते सांगताना.

बरं, तावडे टेकले होते कशाला, ते सांगायचंच राहिलं. पालखीला! शिमग्याच्या पालखीला पाठ लावून हा गृहस्थ डोली मागत होता. तुम्ही म्हणाल, बुवा, देवाची वस्तू, पाप वाटलं असेल. कसलं पाप? तिच्या दांडीवर त्यांनी स्वतःचा ओला टॉवेल वाळत घातला होता. पाप वाटलं असतं तर मी हात जोडले असते. यांना सुचलंच नाही!

तेवढ्यात अनसूयेची सासू आली, भागीरथी. चिंब भिजलेली.

"काय ठरलं?"

"डोली नाही," तावडे म्हणाले.

म्हातारीची नजर त्यांच्या पाठीमागे गेली. मग म्हणाली, "शिमग्याला पलीकडच्या वाडीत काय घेऊन जाता?"

"पालखी."

"कशावरनं?"

"साकवावरनं."

"अडकते?"

"छे. एकामागे एक खांदा देतो. नाचवत नेतो."

"मग?"

"मग काय?"

ऐकलंत? मग काय, म्हणे! मानकरी हा!

म्हातारीचा तोल सुटला. "देवाची रूपं पेटीत आहेत. पालखी रिकामी आहे. माझी सून मरतेय. टॉवेल काढ आणि उचल."

तेव्हा कुठे उठले. पोरीला पालखीत कुशीवर निजवलं, वर घोंगडी टाकली. तेच खांदे, तोच साकव. जीप सुटली. अनसूया वाचली, तिची मुलगीही वाचली.

आता सांगा, म्हातारीने नवीन काय आणलं? काही नाही. सगळं तिथेच होतं. "लांबट, दांडीची, खांद्यावरून न्यायची वस्तू शोधा" म्हटलं असतं, तर शेंबड्या पोरानेही बोट दाखवलं असतं. पण यांनी जन्मभर तिला "पालखी" म्हटलेलं. पालखी म्हणजे ढोल, पालखी म्हणजे गुलाल, संपलं. एकदा नाव ठेवलं की आपण त्या वस्तूकडे बघायचंच सोडून देतो.

वाटलं ना, गाव शहाणं झालं असेल? अहो, कुठलं! सत्कार झाला, नारळ झाले, आणि पालखीला नवं नाव पडलं – बाळंतिणीची पालखी. पुढच्या पावसाळ्यात तावडेच देवळाच्या पायरीवरून घसरले. मांडीचं हाड गेलं. ओढा दुथडी, जीप पलीकडे. बाज आणली, अडकली, परत आणली. कोणीतरी चाचरत म्हणालं, "पालखी?" तर खाली पडलेले तावडे कण्हत कण्हत म्हणतात, "मी काय बाळंतीण आहे?"

आणि सगळे म्हणाले – म्हणा माझ्याबरोबर – तेही खरं!

भागीरथी तेव्हा लेकीकडे गेली होती. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. पाणी ओसरेपर्यंत माणूस तसाच पडून राहिला, पाय वाकडा जुळला. आज काठी टेकत फिरतात आणि म्हणतात, गावात डोली असती तर!

हसा, पोटभर हसा. तावडे मूर्ख, गाव मूर्ख. आता जरा इकडे बघा. ही पुढची रांग. पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या, पुढे दोरी बांधलेली. काय आहे हे? "पाहुण्यांच्या खुर्च्या." पाहुणे येणार नाहीत, तसा निरोप माझ्यासमोर आला. आणि तिकडे मागे, खांबाला धरून, त्या आजी मी उभा राहिल्यापासून उभ्या आहेत. तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलंय. कार्याध्यक्ष, तुम्हीसुद्धा. आणि मला सांगता, जागा नाही?

सोडा ती दोरी. आजी बसल्याशिवाय मी टाळ वाजू देणार नाही.