कड्यावर की कडेवर?

मंडळी, तीनशे पायऱ्या चढून वर आलात, अजून धापा टाकताय, तेवढ्यात एकच विचारून घेतो. लेकराचं ओझं माणसाला वर नेतं की खाली ओढतं? खाली ओढतं म्हणणाऱ्यांनी हात वर करा बघू! — हं. सगळे पुरुषच दिसतायत. आणि मागं भिंतीपाशी बसलेल्या माउल्या गप्प. गप्पच राहणार! हात वर करायला त्यांचे हात मोकळे कुठायत?

तर ऐका. याच डोंगराच्या पायथ्याला, मोरदऱ्यात, कावेरी नावाची अंगणवाडी सेविका. नवरा दिगंबर, पिठाची गिरणी चालवणारा. लेक तीन वर्षांची, नाव गोदा. म्हणजे बघा — आई कावेरी, लेक गोदा, एका घरात दोन नद्या! नदीनं काय करावं? गपगुमान उतारानं वाहावं. पण या दोघींनी डोंगर चढायचं काढलं!

कावेरी रोज सकाळी सहाला धावायला जायची. बक्षिसासाठी नाही, बारीक व्हायला नाही. ती म्हणायची, "त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही." — बाप्यांनो, हसू नका. हे दुःख तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला हाक मारली तरी ऐकू कुठं येते!

आता सपाट रस्ता निराळा आणि डोंगर निराळा. जत्रेच्या सकाळी आपल्याकडं शर्यत असते, ठाऊक आहे ना? खालून घाटरस्त्यानं या देवळापर्यंत, आरती संपायच्या आत. गेल्या साली कावेरीनं नाव दिलं. आणि घाटातल्या त्या धापेच्या वळणावर दगडावर जी बसली, ती आरती संपून प्रसाद वाटला तरी बसलेलीच! दिगंबरला तेवढं पुरलं. गिरणीच्या पट्ट्यासारखं सहा महिने तेच फिरवलं, आणि एक दिवस सांगून टाकलं — यंदा आरतीच्या आत वर पोचली नाहीस, तर बूट माळ्यावर. कावेरी बरं म्हणाली. पण तिला कळत होतं, माळ्यावर नुसते बूट जाणार नाहीत. तो अर्धा तासही जाणार.

ती गेली शाळेतल्या जुन्या कवायतीच्या सरांकडं. सर म्हणाले, सपाटीवर पळून चढाचा दम येत नाही. आठवड्यातून दोनदा कड्यावर जा. पाऊल आखूड टाक. "पहिली चाळीस पावलं जड जातात. ती मोज. पुढची मोजू नकोस."

सोमवारी सकाळी कावेरी नाड्या बांधतेय, तोच गोदा उठून आली. कुठं चाललीस म्हणाली. कावेरी म्हणाली, "कड्यावर."

गोदानं दोन्ही हात वर केले. "कडेवर? घे!"

घ्या! यात पोरीची काय चूक? चूक आपल्या भाषेची! कावेरीनं आत बघितलं. दिगंबर कूस वळवून म्हणाला, मला गिरणी उघडायचीय. — सहा वाजता कुणाची बाजरी अडली होती, देव जाणे! मग काय करते? घेतलं लेकरू डाव्या कडेवर. चौदा किलो! आणि लागली चढाला.

पहिल्या दिवशी चिंचेपर्यंत. महिन्यानं टाकीपर्यंत. हाक न येणारा अर्धा तास, त्यात आता कानालाच हाका — आई, तो बघ पक्षी, आई, शू. चौथ्या महिन्यात शेळ्या तिला वाट द्यायला लागल्या. सहाव्या महिन्यात माकडं तिला वाट विचारायला लागली! — खोटं वाटतं? मला माकडांनीच सांगितलं.

आला शर्यतीचा दिवस. गोदा बापाकडं. दिगंबर तिला स्कूटरवर घालून मुद्दाम त्याच वळणावर येऊन उभा राहिला, बायको कशी बसते ते बघायला. आणि कावेरी आली — पण कशी? तिरकी! सहा महिने डावीकडं भार घेऊन उजवीकडं झुकायची सवय. आज भार नाही, झुकणं मात्र तेच. एक बैल सुटलेल्या गाडीगत सारखी उजव्या चरात! वळणावर पोचली, तोल गेला, थांबली. समोर तोच दगड. वर आरती सुरू झालेली.

दिगंबरनं दगडाकडं बघितलं. गोदानं मात्र हात वर केले.

कावेरीनं तिला उचललं, तसा शर्यतीचा कार्यकर्ता धावत आला. "ताई, हे नियमात बसत नाही."

"नियमात नसेल बसत," कावेरी म्हणाली. "कडेवर बसते."

आणि निघाली! सरळ, ओळंब्यासारखी! पहिली चाळीस पावलं मोजली, पुढची नाही. शेवटच्या कडव्याला देवळात आली. लोक सांगतात, पहिली आली. खोटं आहे, कीर्तनकारानं खोटं बोलू नये — ती एकशे तेरावी आली. पण घंटा गोदानं वाजवली.

मागून दिगंबर आला, घामाघूम. परत वळणापर्यंत, स्कूटरपर्यंत चालायचं होतं. कावेरीनं झोपाळलेली लेक त्याच्या कडेवर दिली. पन्नास किलोचं पोतं एका दमात उचलणारा गडी, उतारावर चाळीस पावलांत थांबला!

"पोतं हलत नाही गं," म्हणाला. "ही हलते."

"पहिली चाळीसच जड जातात," कावेरी म्हणाली. "चला."

पुढच्या सोमवारी तिनं नाड्या बांधल्या, तशी गोदा उठलीच. हात वर. या खेपेला दिगंबरनं उचलली. कावेरी एकटी गेली. अर्धा तास कुणी हाक मारली नाही.

तर मंडळी, लेकरू खाली ओढत नाही. एकाच्याच कडेवर राहिलं, की माणूस तिरका होतो, एवढंच! आता आरती करू. मग उतरायला त्याच तीनशे पायऱ्या आहेत. मघाशी ज्यांनी हात वर केले, त्यांचे हात मोकळे आहेत, मी बघून ठेवलेत. पहिल्या चाळीस पायऱ्या जड जातील. दारात उभा राहून मी मोजणार आहे.