प्रवासकार्डावरून माग काढून गेटवर अडवल्याबाबत

जबाब देणार : स्त्री, वय ४१, काम चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवणे. नाव व राहता पत्ता माझ्या मागणीवरून वेगळ्या लिफाफ्यात बंद केला आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, मी गेल्या महिन्यात नवऱ्याला सोडून बहिणीकडे राहायला आले. नवरा मोटारींच्या दुकानात विक्री अधिकारी आहे. घरात त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

बहिणीचे हे घर नवे असून त्याला माहीत नव्हते. तरी मेट्रोच्या कोणत्याही स्टेशनात मी कार्ड टेकवले, की पाठोपाठ त्याचा फोन येई. "उतरलीस? आज उशीर केलास." बहीण म्हणाली, "मागावर माणूस ठेवलाय वाटतं." मी म्हणाले, "माणसाला पगार द्यावा लागतो. हा कुठला देतोय!"

आज सकाळी कार्डात पैसे भरायला खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने मोबाइलवर आलेला आकडा विचारला. माझ्याकडे काहीच आले नव्हते. तिने पाहून सांगितले, "ताई, कार्ड दुसऱ्याच नंबरवर आहे. तुम्ही टेकवलंत की स्टेशनाच्या नावासकट मेसेज तिकडे जातो." नंबर नवऱ्याचा निघाला. मला रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून त्यानेच हे कार्ड आणून दिले होते. लग्नानंतर माझ्यासाठी त्याने आपणहून केलेले तेवढे एकच काम. नंबर बदलायचा, तर परवानगीचा आकडाही त्याच्याच मोबाइलवर जाणार होता. नवे कार्ड उद्या मिळणार होते, म्हणून आजचा दिवस जुनेच वापरले.

संध्याकाळी बहिणीच्या घराजवळच्या स्टेशनात उतरले, तर तो गेटच्या पलीकडे उभा. मी आतच थांबले. तो मोठ्याने म्हणाला, "चल घरी. तू कुठे असतेस ते मला सगळं कळतं."

मी म्हणाले, "तुला कुठे कळतं? मशीन सांगतं."

दोघेतिघे हसले. त्यावर तो एका प्रवाशाच्या पाठीला चिकटून, कार्ड न टेकवता आत घुसू लागला. गेटवरच्या सुरक्षारक्षक बाईंनी अडवताच त्याने त्यांना ढकलले. त्या पडल्या, त्यांचे मनगट मोडले. त्याने वळूनही पाहिले नाही, तसाच आत शिरला. मी कार्ड टेकवून बाहेर आले व बाईंना उठवले. तो माझ्यामागे यायला निघाला, पण गेटची काच त्याला उघडेना. पोलीस येईपर्यंत तो आतून म्हणत होता, "अगं, कार्ड टेकव ना, लोक बघतायत." मी टेकवले नाही.

ठाण्यात सासूबाईंचा फोन आला. "काळजीपोटीच बघत होता ना गं?" सुरक्षारक्षक बाई मोडका हात गळ्यात बांधून शेजारीच बसल्या होत्या. मी फोन त्यांच्या धड हातात दिला.

हवालदारसाहेबांनी आपसात मिटवता का असे विचारले. मिटवायचे नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. सांगितल्याप्रमाणेच आहे. फक्त नवऱ्याचा उल्लेख सगळीकडे "ते", "त्यांनी" असा लिहिला होता. तो माझ्यासमोर एकेरी करवून घेऊन मग सही केली.